कडेची माणसे



नामनिर्देशन, मृत्युपत्र, मुदतठेवी, लॉकरची व्यवस्था अशा विषयांचा या सदरातून आपण आजवर विचार करीत आलो. आजचा विषय त्या पंक्तीत न बसणारा वाटेल. मोबाइलवर काढलेली निरनिराळ्या आकारांची छायाचित्रे आणि चित्रफिती एकत्र जोडून घरगुती चित्रफीत तयार करताना त्यांची काटछाट कशी टाळावी, हा तो विषय. परंतु घरातील दस्तऐवज जपणे हे या सदराचे सूत्रच आहे आणि कुटुंबाचे जुने छायाचित्र मला खरेदीखताइतकेच मोलाचे वाटते. खरेदीखताची नक्कल सरकारी कार्यालयातून मिळू शकते. छायाचित्राची मिळत नाही.

यंदा अक्षय्य तृतीयेला आमच्या थोरल्या वहिनींच्या वर्षीतपाचे पारणे झाले. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, असा तेरा महिन्यांचा क्रम त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर निर्विघ्नपणे पूर्ण केला. तपाच्या अनुमोदनेच्या कार्यक्रमात त्यांच्या जीवनावरील दहा मिनिटांची चित्रफीत दाखवावी असे ठरले आणि दादांच्या नातवाने ते काम आनंदाने अंगावर घेतले. त्याने घरातील आल्बम धुंडाळले, नातेवाइकांकडून छायाचित्रे मागवली आणि चार दिवसांत पहिला खर्डा तयार करून सर्वांना मोबाइलवर दाखवला. संगीत उत्तम होते, क्रम नेटका होता, अक्षरेही सुबक होती. सर्वांनी वाखाणणी केली. वहिनी मात्र काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "आत्याबाई कुठे आहेत रे?"

नातू म्हणाला, "कोण आत्याबाई, आजी?"

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. विशीतच वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या त्या कायमच्या. आम्हा भावंडांना त्यांनीच वाढवले. वहिनी नववधू होऊन आल्या तेव्हा त्यांना प्रतिक्रमण शिकवले ते आत्याबाईंनी. वहिनींच्या पहिल्या अठ्ठाईत सहाव्या रात्री त्यांचा धीर सुटू लागला, तेव्हा उशाशी बसून पहाटेपर्यंत नवकार म्हणणाऱ्याही त्याच. शुभकार्यात पुढे यायचे नाही, हा त्या काळचा कठोर दंडक त्यांनी आयुष्यभर निमूटपणे पाळला. त्यामुळे छायाचित्र काढण्याची वेळ आली की त्या सरकत सरकत कडेला जात आणि बहुधा दाराआड होत. घरात त्यांचे छायाचित्र एकच आहे. १९७६ साली दादांच्या विवाहानंतर वाड्याच्या चौकात काढलेले, बारा इंच रुंद आणि आठ इंच उंच. पुढे वडीलमंडळी बसलेली, मध्यभागी नवदांपत्य आणि मागच्या रांगेत अकरा जण उभे. त्या रांगेत डावीकडून पहिल्या आत्याबाई, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांच्या शेजारी मी.

नातवाच्या चित्रफितीत त्या अकरा जणांपैकी मधले चौघेच उरले होते. आत्याबाई गेल्या होत्या. मीही गेलो होतो. परंतु ते कोणाच्या ध्यानात आले नाही, खुद्द माझ्याही नाही.

मी कपाटातून मूळ छायाचित्र आणून त्याच्यासमोर ठेवले. मुलगा ओशाळला. त्याने कोणालाही वगळले नव्हते. "ॲपने आपोआप केले, आजोबा," असे तो म्हणाला आणि ते खरेच होते. पण हेतू नसताना झालेली चूकही चूकच असते. रोजकीर्द जुळत नसेल तर कारकुनाची सचोटी कितीही निर्विवाद असो, फरक शोधावाच लागतो. त्यानंतरच्या तीन संध्याकाळी आम्ही दोघे तो फरक शोधत बसलो. त्यातून हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण अशा चित्रफिती आता घरोघरी होतात आणि अशी माणसेही घरोघरी असतात.

मूळ अडचण आकारांची आहे. छायाचित्राची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला गुणोत्तर म्हणतात. एकाच घरातील छायाचित्रांत ही गुणोत्तरे किती निरनिराळी असतात, हे आम्हाला प्रथमच कळले. दादांकडे अॅगफा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्याच्या फिल्मवर सहा सेंटिमीटरची चौरस छायाचित्रे येत, म्हणजे गुणोत्तर १:१. पुढे ३५ मिलिमीटर फिल्मचे कॅमेरे आले. त्यांची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच, म्हणजे ३:२. आपल्या आल्बममधील सहा इंच बाय चार इंचांच्या प्रतींचेही तेच. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे ४:३ या प्रमाणात छायाचित्र काढतो. पण त्याच मोबाइलवर चित्रफीत घेतली तर ती १६:९ होते. मोबाइल उभा धरला की हीच प्रमाणे उलटतात, ३:४ आणि ९:१६ होतात. लग्नाच्या छायाचित्रकाराचे चित्र आडवे, भाच्याने गर्दीतून घेतलेली चित्रफीत उभी आणि दादांचे जुने चित्र चौरस, अशी ही मिसळ असते.

चित्रफितीला मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच चौकट लागते. त्यामुळे चौकटीशी न जुळणारे चित्र आले की ॲपपुढे तीनच मार्ग उरतात. पहिला मार्ग चित्र ताणण्याचा. त्यात चेहरे फुगतात किंवा लांबट होतात. दुसरा, चौकट पूर्ण भरेल इतके चित्र मोठे करून बाहेर राहिलेला भाग कापण्याचा. तिसरा, संपूर्ण चित्र चौकटीत मावेल असे बसवून उरलेली जागा रिकामी ठेवण्याचा. ॲपच्या भाषेत दुसऱ्याला 'फिल' आणि तिसऱ्याला 'फिट' म्हणतात. भरलेली चौकट डोळ्यांना टवटवीत दिसते, म्हणून कित्येक ठिकाणी न विचारता 'फिल' लागू होते. आमच्या घरी तेच झाले होते.

किती कापले जाते याचा हिशेब केल्यावर मी थक्क झालो. नातवाने मोबाइलसाठी उभी चौकट घेतली होती, १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच. आमचे ३:२ छायाचित्र १९२० उंचीचे केले की त्याची रुंदी २८८० होते. त्यातील १०८० चौकटीत मावते. म्हणजे राहिले साडेसदतीस टक्के आणि गेले साडेबासष्ट टक्के. अकरातील चौघे कसे उरले, ते या आकड्यांत आहे. आडवी चौकट घेतली असती तर उलट झाले असते: उभ्या चित्रफितीचा बत्तीस टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक राहतो. वहिनी गुरुवर्यांसमोर पच्चक्खाण घेत आहेत अशी एक उभी चित्रफीत आमच्याकडे होती. आडव्या चौकटीत ती भरली असता केवळ चेहरा राहिला असता आणि जोडलेले हात गेले असते. ४:३ छायाचित्र १६:९ चौकटीत भरले तर वरचा-खालचा मिळून चौथा हिस्सा जातो; समूहचित्रात पुढे सतरंजीवर बसवलेली मुले नेमकी त्याच हिश्श्यात असतात.

आपल्या शास्त्रात वस्तूचा एक अंश पाहणाऱ्या दृष्टीला नय म्हटले आहे. नय खोटा नसतो; परंतु तो इतर अंश नाकारू लागला की त्याचा दुर्नय होतो. नातवाच्या चौकटीतील ते चौघे खरेच होते. तेवढेच आमचे कुटुंब, असे ती चौकट सांगू लागली, तेथे बिघडले.

आता उपायांकडे येऊ.

पहिला निर्णय चौकटीचा. चित्रफीत कोठे पाहिली जाणार, हे आधी निश्चित करावे. घरातील दूरदर्शन संच १६:९ असतो. मोबाइलवर, विशेषतः व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, उभी ९:१६ चौकट शोभते. सभागृहातील एलईडी भिंतीचे गुणोत्तर मात्र गृहीत धरू नये. ती लहान-लहान फलक जोडून उभारतात, त्यामुळे जितके फलक तितका आकार. आमची भिंत बारा फूट बाय आठ फूट होती, म्हणजे ३:२. तिच्यावर १६:९ चित्रफीत पूर्ण रुंदीने लावली तर उंची पावणेसात फूट होते आणि वर-खाली साडेसात-साडेसात इंच जागा उरते. ती जागा भरण्यासाठी यंत्रचालक चित्र ताणू किंवा मोठे करू पाहतो. तसे करू नये, हे त्याला आधीच नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. भिंत आणि मोबाइल या दोन्हींसाठी चित्रफीत हवी असेल तर दोन स्वतंत्र आवृत्त्या कराव्यात. एकीची काटछाट करून दुसरी करू नये.

दुसरा निर्णय 'फिट'चा. काइनमास्टरसारख्या ॲपमध्ये नवे काम उघडतानाच चौकटीचे गुणोत्तर विचारले जाते. इनशॉटमध्ये ते 'कॅनव्हास' या नावाखाली मिळते. संगणकावर शॉटकट हा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. साधन कोणतेही असो, प्रत्येक चित्र 'फिट' आहे याची खात्री एकेक चित्र उघडून करावी. आणखी एक छुपा चोर आहे. छायाचित्रे हळूहळू जवळ येताना दिसावीत म्हणून काही प्रोग्रॅम आपणहून चित्र मोठे करीत जातात. आरंभी सगळी माणसे दिसतात आणि तीन सेकंदांत कडेची नाहीशी होतात. ही हालचाल बंद करावी, किंवा ती आपण ठरवू त्या दिशेने न्यावी.

आता प्रश्न उरतो रिकाम्या जागेचा. माझ्या मते ही जागा दोष मानू नये. वहीतल्या समासासारखी ती उपयोगी असते. तिचे चार उपयोग आम्हाला सापडले.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे एकच शांत रंग. मंगलप्रसंगी काळ्या पट्ट्या कित्येकांना रुचत नाहीत. आम्ही फिकट हस्तिदंती रंग घेतला आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत बदलला नाही. रंग एकच राहिला की चित्रांचे आकार बदलले तरी डोळा दचकत नाही.

दुसरा उपयोग मजकुराचा. आडव्या १९२० बाय १०८० चौकटीत उभी ९:१६ चित्रफीत साधारण ६०८ पिक्सेल रुंद बसते आणि तेराशेहून अधिक पिक्सेल मोकळे राहतात. चित्रफीत एका बाजूस ठेवावी आणि मोकळ्या बाजूस गाव, तिथी, तप आणि नाते लिहावे. पच्चक्खाणाची चित्रफीत आम्ही अशीच मांडली. चित्रावर अक्षरे लादण्याची गरजच उरली नाही.

तिसरा उपयोग सोबतीचा. उभी चित्रे एकेकटी दाखवण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवावीत. तीन उभ्या चित्रफितींची मिळून रुंदी सुमारे १८२३ होते; त्या आडव्या चौकटीत जवळजवळ ठाकठीक बसतात. मोबाइलवर उभी काढलेली ३:४ छायाचित्रे प्रत्येकी ८१० रुंद होतात. दोन मिळून १६२०, उरलेल्या तीनशेत शंभर-शंभरचे तीन समास. उभ्या चौकटीत हेच गणित उलटे करून तीन आडवी चित्रे एकाखाली एक लावता येतात. तीन चित्रफिती एकत्र चालवताना आवाज मात्र एकीचाच ठेवावा. अन्यथा मंडईचा कोलाहल होतो.

चौथा उपाय त्याच चित्राची मोठी, धूसर प्रत मागे पसरवण्याचा. ॲपमध्ये त्याला 'ब्लर' म्हणतात आणि तो फार लोकप्रिय आहे. निसर्गदृश्यांना तो ठीक दिसतो; परंतु तीर्थयात्रेतील जिनप्रतिमेचे किंवा साधू-साध्वीजींचे छायाचित्र असेल तर मागे त्यांचीच अर्धवट कापलेली, विरूप छाया उमटते. ते विनयाला धरून नाही. दिवंगत वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही मी तो टाळतो. अशा ठिकाणी साधा रंग उत्तम. याच ओघात सांगतो: उपाश्रयात चित्रीकरणास अनेकदा मनाई असते, अनुमती नसलेली चित्रफीत कितीही सुंदर असली तरी ती जोडू नये.

काटछाट टाळण्याची एक किंमतही आहे आणि ती लपवणे योग्य नाही. आडवे समूहचित्र उभ्या चौकटीत पूर्ण बसवले की ते लहान होते. आमचे छायाचित्र १०८० बाय ७२० एवढेच झाले. मोबाइलवर माणसे होती, पण ओळखू येत नव्हती. म्हणून आधी संपूर्ण छायाचित्र काही सेकंद स्थिर दाखवावे, नंतर ते मोठे करून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संथपणे सरकवावे आणि अखेरीस पुन्हा संपूर्ण दाखवावे. यात प्रत्येक चेहरा क्रमाने समोर येतो आणि कोणी गळत नाही. मोठे केल्यावर चित्र फाटू नये यासाठी मूळ प्रत मात्र चांगली हवी.

तेथेही कडेचाच प्रश्न आला. घरातील स्कॅनरची काच ए-फोर कागदाएवढी, म्हणजे पावणेबारा इंचांहून किंचित कमी. आमचे छायाचित्र बारा इंचांचे. एकाच वेळी स्कॅन केले असते तर एक कड तेथेच राहिली असती. म्हणून ते दोन भागांत स्कॅन करून संगणकावर जोडले. प्रतिइंच तीनशे बिंदूंच्या हिशेबाने त्याची प्रत ३६०० बाय २४०० झाली. सरकवण्यासाठी २८८० बाय १९२० लागत होती, म्हणजे पुरेशी. स्कॅनर नसेल तर छायाचित्र काचेतून काढून, खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता, मोबाइल अगदी समांतर धरून टिपावे. चारही कोपरे आणि भोवतालची थोडी मोकळी जागा आली पाहिजे.

नातेवाइकांकडून छायाचित्रे मागवताना ती व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे. नेहमीच्या मार्गाने पाठवलेली प्रत आकसते. आलेली प्रत स्वतंत्र कप्प्यात ठेवावी आणि तिला हात लावू नये. सारे प्रयोग नकलेवर करावेत. व्हाउचरवर कोणी खाडाखोड करीत नाही. दुरुस्ती करायची तर नवी नोंद करतो. छायाचित्रालाही तोच नियम. आणि प्रत्येक जुन्या छायाचित्रातील माणसांची नावे, डावीकडून उजवीकडे, आताच लिहून ठेवावीत. १९७६च्या त्या चित्रातील अकरांपैकी दोघांची नावे मला आणि दादांना मिळूनही आठवेनात, वहिनींना आठवली. त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्या पिढीत ती कोणाला आठवणार होती?

पारण्याच्या दिवशी भिंतीवर चित्रफीत लागली. समूहचित्र आले, संपूर्ण, हस्तिदंती समासात. शेजारी नातवाने सर्वांची नावे लिहिली होती. सभागृहातील बहुतेकांच्या लेखी ते एक जुने छायाचित्र होते, दहा सेकंदांत ते पुढे सरकले. उसाचा रस घेऊन वहिनींचे पारणे झाले, स्नेहीजन पांगले. दुपारी नातवाने मोबाइलसाठी केलेली उभी आवृत्ती वहिनींच्या हाती दिली. छायाचित्र डावीकडून सरकवायला आरंभ केल्यामुळे तीत पहिला चेहरा आला तो आत्याबाईंचा. जन्मभर ज्या मागे सरकत गेल्या त्या सर्वांच्या आधी समोर आल्या. वहिनींनी तेथेच चित्रफीत थांबवली आणि नातवाला म्हणाल्या, "ये, बस. या कोण होत्या ते सांगते."

तो तासभर बसला होता.

वाचकहो, आपल्या घरी अशी चित्रफीत तयार होईल तेव्हा ती सर्वांना दाखवण्यापूर्वी एक ताळा अवश्य करावा. मूळ छायाचित्रातील माणसे मोजावीत, चित्रफितीतील माणसे मोजावीत आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी लिहावेत. फरक आला तर काम पुरे झालेले नाही, असे समजून पुन्हा बसावे. या मोजणीला पाच मिनिटे लागतात. ती घरातील अशा व्यक्तीकडून करून घ्यावी, जिला कडेच्या माणसांची नावे ठाऊक आहेत.